लहानीच्या मनगटातली दोरी

सकाळचे नऊ वाजले होते. साजपाड्याच्या काठावर पंधरा-वीस माणसं जमली होती आणि बोटीचं इंजिन चालू का होत नाही याचा निकाल त्यांनी लावूनही टाकला होता. इंजिनावरचं झाकण अजून कोणी उघडलं नव्हतं, पण निकाल तयार! बाईच्या हातात मशीन दिलं की दुसरं काय होणार?

लहानी बोटीत उभी राहून हे सगळं ऐकत होती. तळपायाची आग मस्तकात गेली होती तिच्या, पण आज गप्प राहायचं असं तिने घरून निघतानाच ठरवलं होतं. बोट देणाऱ्या मंडळाचे साहेब मुंबईहून आले होते. बोट यापुढे कोणी चालवायची ते आज वहीत लिहून जाणार होते. सहा महिने लहानी बोट चालवत होती खरी, पण मंडळाच्या वहीत चालकाच्या नावाची जागा अजून कोरीच होती.

साजपाडा म्हणजे धरणाच्या पाण्याच्या पल्याड राहिलेला चाळीस घरांचा पाडा. डोंगराला वळसा घालून सडकेला लागायचं तर अडीच तास चालायचं. पाण्यावरून गेलं तर दहा मिनिटांत पलीकडे किन्हवलीची एस.टी. मिळते. पंधरा वर्षं लहानीने लाकडी होडी वल्हवून माणसं नेली-आणली. बाजाराला जाणाऱ्या बाया, दाखल्यासाठी निघालेली म्हातारी माणसं, बकऱ्या, एकदा तर अख्खं लग्नाचं वऱ्हाड. नवरा मंगळू कसाऱ्याला हायवेच्या कामावर, पंधरा दिवसांनी घरी यायचा. होडी सगळी हिच्याच जिवावर. तेव्हा बाईच्या हाताबद्दल कोणाला काही सुचलं नाही. वल्हं मारायला बाई चालते, बटण दाबायचं म्हटलं की पुरुष लागतो! हा कुठला न्याय?

२००३चा पाऊस सरल्यावर मंडळाने पाड्याला एक जुनी जेट बोट दिली. कुठल्याशा क्लबात हौशी लोकांना फिरवून फिरवून थकलेली, पण अंगाने धड होती. या बोटीला खाली पंखा नसतो. पोटाखालच्या जाळीतून ती पाणी ओढते, मागून जोरात फेकते आणि त्या जोरावर पळते. धरणात बुडालेल्या झाडांचे खुंट उन्हाळ्यात वर येतात, त्यांच्यात पंख्याची बोट चार दिवस टिकली नसती. म्हणून हीच बरी.

बोट घेऊन गोमा नावाचा एक म्हातारा तांडेल आला होता. तो शिकवायला चार दिवस राहिला. शिकणाऱ्यांत नावं दोन होती. एक लहानी आणि दुसरा कुंडलिक. कुंडलिकचं किन्हवलीला स्कूटर-रिक्षांचं गॅरेज, आणि बोट समितीचे अध्यक्ष महादूशेठ त्याचे सख्खे दाजी. "टू-स्ट्रोक इंजिन मला काय शिकवता? झोपेत खोलतो मी," असं म्हणून कुंडलिक चारही दिवस फिरकला नाही.

लहानी मात्र गोमाच्या मागे सावलीसारखी राहिली. या इंजिनाला तेल वेगळं घालत नाहीत, पेट्रोलातच मिसळायचं. लिटरला खोकल्याच्या औषधाची दोन टोपणं, पाच लिटरच्या कॅनला दहा. दहा टोपणं ओतून होईपर्यंत लहानी कोणाशी बोलत नसे. दारात मंगळू येऊन उभा राहिला तरी त्याला हातानेच थांबवायची. कमी पडलं तर इंजिन जळतं, जास्त झालं तर गुदमरतं, हे तिने पक्कं डोक्यात धरलं होतं.

आणि एक लाल दोरी होती, टेलिफोनच्या वायरीसारखी वेटोळ्यांची. तिचं एक टोक चालवणाऱ्याच्या मनगटात अडकवायचं, दुसऱ्या टोकाची चिमटी बटणाखालच्या खाचेत बसवायची. चालवणारा पाण्यात पडला तर चिमटी निघते आणि इंजिन तिथल्या तिथे बंद होतं. चिमटी खाचेत नसेल तर बटण कितीही दाबा, इंजिन हूं की चूं करत नाही. "बाय, बाकी काय हरवलं तरी चालेल," गोमा जाताना म्हणाला होता, "ही दोरी हरवू नको."

पाड्यातल्या पुरुषांना तो गंडा वाटायचा. "कंच्या भगतानं बांधला गो?" असं म्हणून हसायचे. लहानीने दोनदा समजावून सांगितलं, मग सोडून दिलं.

तर त्या सकाळी साडेआठ वाजता लहानी काठावर आली, दोरी मनगटात अडकवली, चिमटी बसवली, बटण दाबलं. इंजिन नुसतंच घुरघुरलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. सहा महिन्यांत असं कधी झालं नव्हतं. बाजाराला निघालेल्या बाया पाट्या घेऊन बोटीत बसल्या होत्या, त्यांत वालाच्या शेंगांची भली मोठी पाटी घेऊन प्रेमाही होती. त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. काठावरच्या खडकावर लहानीची सासू सकूबाई बसली होती. हेही नवलच होतं. सासूला या बोटीचा भारी राग. "वल्ह्याची होडी आपली. ही बोंबलणारी कोण कुठली?" असं म्हणायची आणि एकदाही तिच्यात बसली नव्हती. आज मात्र पहाटे उठून कुठेशी जाऊन आली होती, पाय ओले होते. लहानीने विचारलं तर म्हणाली, "तुला काय करायचंय?"

तेवढ्यात पलीकडून लाकडी होडीने साहेब आले, महादूशेठ आले आणि हत्यारांची पेटी घेऊन कुंडलिक आला. पेटी घेऊनच! आता इंजिनात त्याने काही बिघाड केला नव्हता, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. पण झालं ते त्याला गोड वाटलं होतं, हेही तितकंच खरं.

"सरक गो, उतर खाली," तो म्हणाला.

लहानीने मनगटातून दोरी काढली. चिमटी मात्र खाचेत तशीच ठेवली. उद्या कोणी म्हणायला नको, की बाईने मुद्दाम आडकाठी केली. दोरी तिथेच लोंबकळत राहिली.

"गंडा राहू दे तिथंच," कुंडलिक हसत म्हणाला, "नायतर देवाचा कोप व्हायचा."

त्याने दोन्ही प्लग खोलले. ओले चिंब होते, तेलकट. त्याने ते साहेबांच्या नाकासमोर धरले. "बघा साहेब. प्लगनी तेलात आंघोळ केलीय. बाईनं तेल जास्त ओतलंय."

साहेब हे मंडळाचे पंप बघणारे. विहिरीवरची मोटर, बोअरवेल हा त्यांचा प्रांत. बोटीबद्दल त्यांच्याकडे एक पुस्तक होतं, तेही दुसऱ्याच बोटीचं. पण साहेब म्हटल्यावर मान हलवावी लागते. "ओव्हर ऑइलिंग," त्यांनी मान हलवली.

"साहेब, लिटरला दोन टोपणं घालते मी," लहानी म्हणाली. "मोजून. एक थेंब इकडचा तिकडं..."

"तू गप गो!" महादूशेठ खेकसले. "दोन जाणती माणसं बोलतायत ना?"

जाणती माणसं! लहानीने ओठ आवळले.

कुंडलिकने टाकीतलं सगळं पेट्रोल काढलं आणि आपल्या गॅरेजमधून आणलेलं मिसळीचं पेट्रोल भरलं. प्लग पुसून वाळवले. एक प्लग वायरीला लावून इंजिनाच्या लोखंडावर टेकवला आणि बटण दाबलं. टिच्च करून निळी ठिणगी पडली. "करंट फस्क्लास," तो म्हणाला. प्लग बसवले, बटण दाबलं. इंजिन घुरघुरलं आणि थांबलं. पुन्हा प्लग काढले तर पुन्हा ओले चिंब.

आता मात्र लहानीला राहवेना. "कुंडलिकभाऊ, आता तर तेल तुमचं हाय ना? मग हे ओलं कसं झालं?"

"आत तुझं तेल बसलंय, त्याला मी काय करू?"

घ्या! स्वतःच्या तेलाने प्लग भिजले तरी दोष हिच्या तेलाचा. कुंडलिक काही अगदीच अडाणी मेकॅनिक नव्हता. किन्हवलीत त्याच्या हाताला मान होता. पण चूक कोणाची हे त्याचं आधीच ठरलेलं होतं, त्यामुळे चूक कुठे आहे ते शोधायची त्याला गरजच वाटेना. तो बटण दाबून धरायचा, सोडायचा, पुन्हा दाबून धरायचा. घुरघुर मंदावत चालली.

"एवढा वेळ दाबू नका वो, बॅटरी बसंल," लहानी कळवळून म्हणाली. कोणी लक्ष दिलं नाही.

मग महादूशेठच्या घरून चहा आला. सगळे जाणते जांभळाखाली चहा प्यायला गेले, आणि बोटीजवळ लहानी आणि पाट्यांवर हात ठेवून बसलेल्या बाया तेवढ्या उरल्या.

लहानी इंजिनाजवळ उकिडवी बसली. ठिणगी पडतेय, कुंडलिकनेच दाखवली. पेट्रोल येतंय, म्हणून तर प्लग भिजतायत. मग राहिलं काय? चुलीत लाकडं हायत, काडीबी पेटतेय, तरी जाळ धरत नाय. कधी होतं असं? चूल कोंबून भरली की होतं. वारा मिळत नाही. हे इंजिनसुद्धा गुदमरलंय, आणि गुदमरलेल्याला प्यायला पेट्रोलच देत बसलोय आपण.

हवा घ्यायची पत्र्याची पेटी इंजिनाच्या पार मागे होती, तोंड मागच्या भिंतीकडे. तिथे हात घालायचा तर कोपरापर्यंत काळा व्हायचा. लहानी वाकली, आणि कडेला तिला तांदळाचा एक दाणा दिसला. हळदीने पिवळा झालेला. तिने हात आत घातला. बोटांना कापड लागलं.

ओढून काढलं तर हिरवा खण, पिवळ्या काठाचा. त्याची पुरचुंडी करून पेटीच्या तोंडात घट्ट बसवलेली. पुरचुंडीत मूठभर तांदूळ, हळकुंड, सुपारी. ओटी!

लहानीने कपाळावर हात मारला. तो खण तिने डोळे मिटूनसुद्धा ओळखला असता. तिच्या लग्नात तिच्या आईने सकूबाईला दिलेला मानाचा खण होता तो. अठरा वर्षं म्हातारीने ट्रंकेतून बाहेर काढला नव्हता, की शिवला नव्हता. आज पहाटे तो घेऊन ती पाण्यावर आली होती. घरात आलेल्या नव्या सुनेची ओटी भरतात, तशी साहेब यायच्या दिवशी तिने बोटीची ओटी भरली होती. आणि ओटी पाठीवर थोडीच ठेवतात? ती पोटाशी द्यायची असते. सून रोज मागचं झाकण उघडून जिथे वाकते, तीच हिची कूस, असं म्हातारीने धरलं आणि दिसेल त्या पोकळीत ओटी नीट बसवून दिली.

काय म्हणावं या बाईला! सहा महिने बोटीला शिव्या घातल्या, आणि मन पाघळलं ते नेमकं आजच. लहानीला आधी रडूच आलं, मग हसू आलं, मग पुन्हा राग आला. तिने जांभळाकडे पाहिलं. ही पुरचुंडी महादूशेठला दाखवली तर किन्हवलीच्या बाजारात आठवडाभर हाच विषय होईल. म्हातारीला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. लहानीने खण घडी करून कमरेला खोचला आणि वर पदर ओढला.

मग तिने प्लग पुसले, उन्हात धरले, बसवले. गोमाने शिकवलं होतं तसं, इंजिन पेट्रोल प्यालेलं असताना चोकला हात लावायचा नाही आणि गॅस पुरता उघडायचा. दोरी मनगटात अडकवली, चिमटी दाबून बसवली, आणि बॅटरीत जेवढा जीव होता तेवढ्यावर बटण दाबलं. दोन आचके, तिसऱ्याला धूर, आणि इंजिन धडधडायला लागलं. बायांनी टाळ्याच वाजवल्या.

जांभळाखालून सगळे धावत आले. साहेबांच्या हातात बशी तशीच.

"पाहिलंत?" साहेब म्हणाले. "पेट्रोल बदललं, फरक पडला. थोडा वेळ बसू दिलं की होतं."

"कुंडलिकच्या हाताला गुणच हाय," महादूशेठ म्हणाले. "साहेब, काढा वही. घाला नाव कुंडलिकचं. बाईमाणसाला उगाच जोखीम कशाला?"

साहेबांनी खिशातून पेन काढलं. लहानीचा हात सुकाणूवरच होता. सांगावं तर सासू उघडी पडते, नाही सांगावं तर बोट जाते.

तेवढ्यात सकूबाई खडकावरून उठली. पदराखालून डोकावणारा खणाचा पिवळा काठ तिने पाहिला होता. तिला ना तेलाचं काही कळलं होतं ना नावाचं. तिचा राग वेगळाच होता. "गो लहाने! माझी ओटी का गो काढलीस? घातलेली ओटी कोन काढतं का?"

सगळे वळले. "कसली ओटी?" साहेबांनी विचारलं.

"बोटीची! पहाटे भरली मी. त्या पत्र्याच्या पेटीत ठेवली व्हती."

मग कुंडलिकच्या डोक्यात उजेड पडला आणि तो पोट धरून हसायला लागला. "एअर फिल्टरला ओटी! आयला! दाजी, एअर फिल्टरला ओटी भरली म्हातारीनं!" बाकीचेही हसले. साहेब हसले नाहीत, त्यांनी तोंड वाकडं केलं. "हे असं असतं," ते महादूशेठना म्हणाले. "अशा लोकांच्या ताब्यात यंत्र देणं म्हणजे धोकाच."

सकूबाई एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. आपण काहीतरी भयंकर केलंय एवढंच तिला कळलं. अठरा वर्षांत सासूचा चेहरा असा एवढासा झालेला लहानीने पाहिला नव्हता.

झालं! लहानीचं गप्प राहणं तिथे संपलं.

"हसा!" ती इंजिनाच्या आवाजावर ओरडली. "चुकलं तिचं. मी सांगीन तिला, ती ऐकंलबी. पण तुमचं चुकलं ते कोन सांगनार? सकाळधरनं माझ्या तेलाला नावं ठेवताय. तेल माझं वाईट, हात माझा वाईट. तुमचं तेल घातलं तरी वाईट माझंच! त्या पेटीत एकानं तरी हात घातला का? हात काळे झाले असते ना! आन् आता इंजिन लागलं तर गुन कुंडलिकभाऊच्या हाताचा?"

"लहाने, तोंड सांभाळून..." महादूशेठनी बोट उगारलं.

"हाय ना गुन? मग करा चालू!"

तिने हात झटकन मागे घेतला. चिमटी खाचेतून निघाली आणि इंजिन एका क्षणात बंद पडलं. लहानी दोरी मनगटात घेऊनच काठावर उतरली आणि सासूशेजारी खडकावर जाऊन बसली.

कुंडलिक ऐटीत बोटीत चढला. बटण दाबलं. काही नाही. घुरघुरसुद्धा नाही. "बॅटरी बसली," तो म्हणाला. साहेबांची जीप पलीकडच्या काठावर होती. होडी पाठवून जीपची बॅटरी काढून आणवली. ती लावली, बटण दाबलं. काही नाही. प्लग खोलले, कोरडे होते. वायरी हलवल्या. पत्र्याच्या पेटीत आता दोघांनी हात घालून पाहिला, आधी कुंडलिकने, मग चक्क साहेबांनी. पेटी रिकामी. साहेबांनी पुस्तकाची पानं पुढून मागे आणि मागून पुढे उलटली. पलीकडे साडेअकराची एस.टी. हॉर्न देऊन निघून गेली.

"साहेब, वाल सुकले माझे," प्रेमा बोटीतून म्हणाली. "लहानीला इचारायला काय तुमची जीभ झडते का?"

बाकीच्या बायाही बोलायला लागल्या. साहेबांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता, हात कोपरापर्यंत काळे झाले होते. शेवटी ते खडकाजवळ आले. "बाई," त्यांचा आवाज बराच खाली आला होता, "काय राहिलंय?"

"तुमच्या वहीतलं नाव राहिलंय," लहानी म्हणाली.

साहेबांनी महादूशेठकडे पाहिलं. महादूशेठ डोंगराकडे बघत होते. साहेबांनी वही उघडली, लिहिलं.

"वाचून दाखवा."

"चालक, लहानी मंगळू, राहणार साजपाडा."

"आन् तेल बरोबर होतं, तेबी लिवा."

"त्याची काय गरज..."

"लिवा."

त्यांनी तेही लिहिलं. कुंडलिक खाली मान घालून फडक्याला हात पुसत होता. पुसता पुसता तोच पुटपुटला, "बरोबरच व्हतं तेल." लहानीला वहीपेक्षा ते ऐकून बरं वाटलं.

ती उठली. कमरेचा खण काढला, सासूसमोर धरला. खणाला इंजिनाचं काळं लागलं होतं. "आत्या, पेटीत ठिवायची नाय ओटी. तिथनं ती श्वास घेते," ती म्हणाली. "तिची ओटी भरायची आसंल तर चालवनारीची भरा."

सकूबाईने डोळे पुसले. पुरचुंडी सोडली, दाणे सारखे केले. लहानीने पदर पसरला. सगळ्या गावादेखत, साहेबांदेखत म्हातारीने त्यात तो डागाळलेला खण ठेवला, वर तांदूळ, हळकुंड, सुपारी. मग सुनेच्या खांद्याला धरून तिने पहिल्यांदाच बोटीत पाय टाकला आणि प्रेमाला सरकायला सांगून पुढच्या फळीवर बसली.

लहानीने ओटी पोटाशी खोचली, मनगटातल्या दोरीची चिमटी खाचेत बसवली आणि बटण दाबलं. इंजिनाने पहिल्याच दाबाला धरलं.